घरच्या टीव्हीला जोडायचा संगणक

स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचं कूळ मूळचं इंग्लंडातल्या केंब्रिजचं. क्लाइव्ह सिंक्लेअर या उद्योजकाला वस्तू लहान आणि स्वस्त करण्याचा भारी नाद. 1980 साली त्याने झेडएक्स 80 हा संगणक 99.95 पौंडांना बाजारात आणला. किंमत खाली आणायची युक्ती साधी होती: जे लोकांच्या घरात आधीच आहे, ते द्यायचंच नाही. पडद्यासाठी घरचा टीव्ही, साठवणीसाठी घरचा टेपरेकॉर्डर. चित्र उमटवण्याचं कामही प्रोसेसरच्याच गळ्यात मारलेलं, त्यामुळे तो आकडेमोडीत गुंतला की पडदा कोरा. पुढच्या वर्षीच्या झेडएक्स 81ने काटकसर आणखी ताणली. फेरांटी कंपनीकडून एक खास चिप करून घेतली आणि आधीच्या वीसेक चिपांचं काम चारांत आलं.

23 एप्रिल 1982ला घराण्यात रंग आला. झेडएक्स स्पेक्ट्रमची जुळणी रिचर्ड आल्टवासरची, रूप रिक डिकिन्सनचं, बेसिक भाषा स्टीव्ह व्हिकर्सची. 16 किलोबाइटांचा 125 पौंडांना, 48चा 175ला. पडद्यावर 256 गुणिले 192 ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर नुसत्या चित्रालाच 24 किलोबाइट लागले असते, म्हणजे मोठ्या यंत्राची निम्मी स्मृती. म्हणून रंग द्यायचे ते आठ बाय आठच्या चौकोनाला, आणि एका चौकोनात दोनच. सगळं चित्र 6,912 बाइटांत बसलं. खेळातला लाल माणूस हिरव्या झाडाजवळ गेला की झाडही लाल व्हायचं, ते या हिशेबापायी.

1984च्या ऑक्टोबरात रबरी बटणं जाऊन कडक प्लास्टिकची आली आणि नाव झालं स्पेक्ट्रम प्लस. या प्लसची एक पाती पुण्यात रुजली. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला काढला.

आमच्याकडे जबलपूरला तो आला पुण्याच्या मामाबरोबर. कोऱ्या कॅसेटी आम्ही कमानिया गेटच्या बाजारातून आणायचो. त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून बांधलेल्या त्या कमानीखालून संगणकाचं सामान न्यायचं, याचं आम्हा पोरांना केवढं अप्रूप! 'जे'चं बटण दाबलं की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटे. बेसिकचे शब्द बटणांवरच छापलेले असल्याने इंग्रजी स्पेलिंगची धास्ती नव्हती. मग दोनदा अवतरणचिन्ह, एंटर, आणि टेप चालू. किर्र आवाज, पडद्याच्या कडेला धावणारे पट्टे, आणि पाचेक मिनिटं कुणी बोलायचं नाही. शेवटी 'टेप लोडिंग एरर' आलं की दादा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा. बातम्यांची वेळ झाली की टीव्ही आजोबांचा. आमचा संगणक तिथेच आंधळा.

तिकडे सिंक्लेअरची गाडी पैशांत अडकली होती. एप्रिल 1986मध्ये अॅमस्ट्रॅड कंपनीने त्याचा संगणकाचा धंदा 50 लाख पौंडांना विकत घेतला आणि 1992पर्यंत चालवला.

पुण्याची शाखा औरस. पूर्व युरोप आणि रशियात मात्र परवान्याविना असंख्य नकला निघाल्या. तिथल्या कारागिरांपुढे एकच अडचण होती: प्रोसेसर किंवा त्याची नक्कल मिळे, पण झेडएक्स 81सारखीच स्पेक्ट्रमच्या पोटातही जी खास चिप होती, ती बाजारात कुठेच मिळेना. मग त्यांनी तिचं काम साध्या चिपांत पुन्हा वाटून टाकलं. सिंक्लेअरने काटकसरीपायी जे एका चिपेत कोंबलं होतं, ते त्यांनी डझनावारी चिपांत उलगडलं, आणि तरीही टीव्ही व टेपरेकॉर्डर बहुतेकदा घरचाच राहिला. यंत्रातलं बाकी सगळं बदलता आलं. पहिल्या झेडएक्स 80ची ती युक्ती मात्र अनेकांना सोडावीशी वाटली नाही.