ओब्राडोविच, झेल्को
ओब्राडोविच, झेल्को : (९ मार्च १९६० – ). सर्बियन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म चाचाक येथे. बोराच चाचाक आणि पार्टिझान बेलग्रेड या क्लबांकडून खेळले. युगोस्लाव्हिया संघातून सोल ऑलिंपिकचे रौप्यपदक (१९८८) व विश्वविजेतेपद (१९९०).

प्रशिक्षक म्हणून त्यांनी युरोपीय क्लब-विजेतेपद (युरोलीग) नऊ वेळा मिळवले : पार्टिझान (१९९२), होवेन्तुत बादालोना (१९९४), रेआल माद्रिद (१९९५), पानाथिनाइकोस (२०००, २००२, २००७, २००९, २०११) आणि फेनरबाचे (२०१७). श्रीमंत क्लबांच्या बळावर हे यश मिळाले, असा आक्षेप घेतला जातो. पानाथिनाइकोस व फेनरबाचे यांच्यापुरता त्यात काही अंशी तथ्य आहे. मात्र पहिल्या विजेतेपदाला तो लागू पडत नाही. १९९१ मध्ये खेळणे थांबवून ते थेट पार्टिझानचे प्रशिक्षक झाले. युगोस्लाव्हियातील युद्धामुळे या तरुण संघाला बहुतेक ‘घरचे’ सामने स्पेनमधील फुएनलाब्रादा येथे खेळावे लागले. ज्येष्ठ प्रशिक्षक अलेक्झांडर निकोलिच यांचे मार्गदर्शन आणि जोर्जेविच-दानिलोविच ही खेळाडूंची जोडी त्यांच्या पाठीशी होती. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी जोर्जेविच यांनी तीन गुणांची बास्केट केली आणि पार्टिझानने होवेन्तुतला ७१–७० असे हरवले. दोनच वर्षांनी ओब्राडोविच यांनी त्याच होवेन्तुतला विजेते केले. पाच वेगळ्या क्लबांना या शिखरावर नेणारा प्रशिक्षक केवळ पैशाच्या जोरावर घडला, असे म्हणता येत नाही.

तरीही त्यांची लोकप्रियता या विजेतेपदांच्या बेरजेतून पुरती उलगडत नाही. २०२१ मध्ये ते पार्टिझानकडे परतले. या कारकिर्दीत युरोलीगचे विजेतेपद मिळाले नाही. २०२३ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध २–० अशी आघाडी असूनही उपान्त्यपूर्व मालिका हातची गेली. एड्रियाटिक लीग मात्र २०२३ व २०२५ मध्ये जिंकली. युरोलीगमध्ये अपयश येऊनही बेलग्रेडचे सभागृह खच्चून भरत राहिले. ही निष्ठा मुळात क्लबवरची आहे, असे कोणी म्हणेल. पण अथेन्समध्ये ते प्रतिस्पर्धी संघाचे प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हाही पानाथिनाइकोसच्या प्रेक्षकांनी त्यांना उभे राहून मानवंदना दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये खराब निकालांनंतर त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्यांना थांबवण्यासाठी चाहते बेलग्रेडच्या विमानतळावर जमले. हरणाऱ्या प्रशिक्षकाला जाऊ न देणारे प्रेक्षक क्रीडाजगतात विरळाच. मैदानाच्या कडेला उसळणाऱ्या त्यांच्या रागावर टीका होते. खेळाडूकडून प्रत्येक चेंडूमागे शिस्तीची अपेक्षा ठेवणे हे त्या रागाचे मूळ आहे आणि विश्वासही त्याच शिस्तीतून निर्माण झाला. लोकांनी त्यांच्यात जिंकून देणाऱ्यापेक्षा खेळाला गंभीरपणे घेणारा माणूस ओळखला. त्यांचे स्थान म्हणूनच निकालांपलीकडे टिकले.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून : ऑलिंपिक रौप्य (१९९६), युरोपीय सुवर्ण (१९९७), विश्वविजेतेपद (१९९८). २००५ मध्ये मायदेशातील युरोपीय स्पर्धेत अपयश.