पलाझोच्या कागदावरचं माप कुणाचं?

अलीकडे जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच मैत्रिणी घरच्या घरी पलाझो शिवायला लागल्या आहेत. इंटरनेटवरून पॅटर्नची पीडीएफ उतरवायची, ए-फोर कागदांवर प्रिंट काढायची, कागद चिकटपट्टीनं जोडायचे, कापडावर ठेवून खडू फिरवायचा. घेर छान पडतो, चालताना डौल दिसतो. तक्रार मात्र बहुतेकींची एकच: खाली मांडी घालून बसलं की मागून ओढतो.

माझं संशोधन मापनाच्या इतिहासावर आहे. एम.एस्सी.ला असताना माप म्हणजे व्हर्नियर आणि एरर बार एवढंच डोक्यात होतं. टेलरच्या टेपलाही स्वतंत्र इतिहास आहे, आणि तो चांगलाच भांडणांचा आहे, हे नंतर कळलं. या 'मागून ओढतो'च्या मागे साधारण दोनशे वर्षांची गोष्ट आहे.

आधी नावाचं बघू. 'पायजमा' हा फारसी शब्द, पाय आणि जामा. इंग्रज लोक तो हिंदुस्थानात घालायला शिकले, पण झोपताना. १८८६ साली छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तशी नोंदच आहे. पुढे पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या बायका समुद्रकिनारी ढगळ पायजमे घालून फिरायला लागल्या. १९६० मध्ये इटलीत आयरीन गॅलित्झिन या डिझायनरनं रेशमी, भरपूर घेराचा पायजमा समारंभात घालायचा पोशाख म्हणून आणला. फॅशन संपादक डायना व्रीलंडनं त्याला नाव दिलं 'पलाझो पायजमा'. पलाझो म्हणजे महाल. म्हणजे फुले मार्केटमध्ये आपण "पलाझो दाखवा" म्हणतो तेव्हा नावातला इटालियन भाग ठेवतो आणि आपल्याकडून गेलेला भाग गाळतो! (हिंदीतला लहंगा बाईचा आणि मराठीतला लेंगा पुरुषाचा, हे कसं झालं तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

आता जुना लेंगा कसा बेतायचे ते पाहा. 'बेतणे' हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात कापणं आणि बेत करणं दोन्ही आहे. जुन्या पद्धतीच्या लेंग्यात गोलाई जवळजवळ नसतेच. दोन सरळ पट्टे पायांचे, बाजूला तिरप्या कळ्या आणि दोन्ही पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा. सगळं काटकोनात आणि त्रिकोणात. तो मधला चौकोन फार हुशार आहे. तो तिरपा बसतो, म्हणजे त्याचे उभे-आडवे धागे शरीराला तिरके येतात, आणि तिरपं कापड ताणलं जातं. माणूस उकिडवा बसला तरी शिवण उसवत नाही. वर नेफा, त्यात नाडी. कंबर २८ असो की ३८, लेंगा तोच.

असं का बेतायचे? कॅनडातल्या रॉयल ओंटारियो म्युझियममधल्या डोरोथी बर्नहॅम यांनी १९७३ मध्ये 'कट माय कोट' नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की जुन्या कपड्यांचा आकार शरीरापेक्षा कापडाचा पन्हा ठरवतो. आपण हिशोब करून बघू. सीट ४० इंच धरली तर एका पायाला निम्मे २० इंच, २ इंच सैल, पुढच्या आसनाला अडीच आणि मागच्या आसनाला ५ इंच. झाले साडेएकोणतीस. शिवणीचे धरून ३०-३१. खादीचा एक जुना पन्हा २७ इंची. म्हणजे एका अखंड तुकड्यात पाय बसतच नाही! जोड देणं भाग, आणि जोड द्यायचाच तर कळी लावून द्या. शिवाय गोलाई कापली की चिंध्या निघतात. हातानं कातलेल्या-विणलेल्या कापडाच्या चिंध्या करायला कुणाचा जीव धजावेल?

रुंद पन्ह्याचं कापड स्वस्त झालं ते मिलमुळे, आणि इथे खान्देश गोष्टीत येतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) पेटलं, मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेना आणि इथल्या कापसाला भाव आला. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. पुढच्या दशकात जळगावला खान्देश मिल उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप मिल. जळगावकर ज्याला सवयीनं 'एम. जे. कॉलेज' म्हणतात त्यातले मूळजी जेठा म्हणजे मुंबईच्या कापडबाजारातलं नाव, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. ३६ इंची आणि त्याहून रुंद कापड गावोगावी दुकानात मिळायला लागलं, तसं एका तुकड्यात पाय कापणं परवडायला लागलं. मधला चौकोन गेला, त्याजागी आसनाची गोलाई आली. आणि माझ्या मते खरी गडबड इथेच सुरू झाली. चौकोनाला माणसाचं माप फारसं लागत नव्हतं. गोलाईला लागतं.

मग ही गोलाई काढायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या शिंप्यांच्या हातात इंचांच्या खुणांचा टेप आला आणि त्याबरोबर एक कल्पना: शरीराची सगळी मापं एकमेकांच्या प्रमाणात असतात, म्हणून एक माप घ्या आणि बाकीची भागाकारानं काढा. हेन्री वॅम्पेन या गणितज्ञानं १८३० च्या दशकात यावर पुस्तकच लिहिलं. १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिकनं वेगवेगळ्या साइझचे तयार कागदी पॅटर्न काढले, तेही याच विश्वासावर. आपल्याकडच्या शिवणक्लासच्या वहीतलं 'छातीचा चौथा भाग', 'सीटचा चौथा भाग अधिक २' हे याच घराण्यातलं. महाराष्ट्रात के. आर. झारापकर यांच्या 'झारापकर सिस्टम ऑफ कटिंग'वर किती बायकांनी आपला संसार उभा केला असेल, मोजदाद नाही. या सूत्रांना मी नावं ठेवणार नाही. मास्टर लोकांच्या डोळ्यांत असलेली विद्या सूत्रामुळे घरातल्या बाईच्या वहीत आली, ही लहान गोष्ट नाही.

पण सूत्र म्हणजे गृहीतक. सीट ४० असलेली बाई ५ फुटी असू शकते आणि साडेपाच फुटीही. सूत्र दोघींना आसनाची खोली १२ इंचच देणार. एकीला ते लोंबेल, दुसरीला रुतेल. एका चलावरून दुसरं काढताना दोघांचा परस्परसंबंध किती घट्ट आहे हे आधी तपासायचं असतं. शिवणाच्या बाबतीत ते मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं फार उशिरा. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेतकी खात्यातल्या रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी पन्नासहून जास्त मापं घेतली. १९४१ मध्ये अहवाल निघाला. त्यातून दिसलं की एका मापावरून बाई कळत नाही, निदान उंची आणि वजन दोन्ही लागतात. मात्र अहवालाच्या हिशेबात गोऱ्या बायकाच धरल्या, बाकीच्यांची मापं बाजूला ठेवली. पुढे अमेरिकेत बायकांच्या साइझची प्रमाणं ठरली ती या आकड्यांच्या आधारावर.

म्हणून परदेशी पीडीएफवर 'एम' छापलेलं असतं तेव्हा 'कुणाचा एम?' हा प्रश्न रास्त आहे. ते शरीर खुर्चीवर बसणाऱ्याचं आहे. भाकरी थापायला, निवडण-टिपण करायला, पंगतीत जेवायला जमिनीवर बसणाऱ्या शरीराची मागची लांबी त्यात धरलेलीच नाही. सरकारला हे माहीत नाही असं नाही. निफ्टनं २०१८ मध्ये 'इंडियासाइझ' प्रकल्प जाहीर केला: १५ ते ६५ वयाचे २५,००० लोक, थ्रीडी स्कॅनर, सहा शहरं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू, शिलाँग. आपल्याकडून सगळ्यात जवळचं मुंबई. कापूस पिकवणारा आख्खा पट्टा, पण मापात नाही. मला हे खटकतं.

एकक पण गमतीशीर आहे. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. दुकानदार वार सोडून मीटरवर आला, पण पन्हा अजून इंचात सांगतो आणि टेलर अजून इंचातच मोजतो. त्यामुळे पलाझोचा हिशोब करताना भाषांतर करावं लागतंच: उंची ३८, नेफा आणि खालची दुमड मिळून ४, म्हणजे ४२ इंच. पन्हा ४४ असेल तर एका पायाला आख्खा पन्हा. दोन पायांचे ८४ इंच, म्हणजे २.१३ मीटर. सव्वादोन मीटर घ्या. सुती असेल तर आधी भिजवून वाळवा आणि दहा-वीस सेंटिमीटर जास्तच घ्या.

आणि आसनासाठी भागाकार करू नका. कमरेला नाडी बांधा, कडक खुर्चीवर ताठ बसा आणि बाजूनं नाडीपासून खुर्चीच्या फळीपर्यंत टेप लावा. आलेल्या मापात अर्धा-पाऊण इंच मिळवा, ती तुमची आसनाची खोली. मग उभं राहून पुढच्या नाडीपासून मांड्यांमधून मागच्या नाडीपर्यंतचं अंतर घ्या, आणि तेच अंतर जमिनीवर मांडी घालून बसल्यावर पुन्हा घ्या. दोन्हींत फरक येतो, तो जवळजवळ सगळा मागच्या बाजूचा असतो. मागच्या पायाचा कागद सीटच्या रेषेवर आडवा कापा, बाजूच्या शिवणीपाशी किंचित जोडलेला ठेवा आणि मधल्या शिवणीकडे त्या फरकाएवढा पाचरीसारखा उघडा. फटीखाली वर्तमानपत्र चिकटवा, गोलाई नव्यानं आखा. कापायच्या आधी एखाद्या जुन्या चादरीचं कच्चं शिवून, त्यात जमिनीवर बसून बघा.