मनाच्या दुखण्याची पायरी

जबलपूर शहर मागे टाकून कटनीच्या वाटेला लागले की महाराजपूर येते. तेथे माझे बिऱ्हाड आहे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या एक वृद्ध मराठी बाई माझ्याकडे आल्या. त्यांचा धाकटा मुलगा महिनाभर नीट झोपला नव्हता. दुकानात जाणे त्याने सोडले होते आणि तो आपल्याशीच पुटपुटत बसे. बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही सरकारी माणूस. ह्याला नागपूरला पाठवायचा कागद तेवढा करून द्या."

वैद्य नव्हे, औषध नव्हे, कागद! त्या मागणीचे मला नवल वाटले. परंतु पुढे जुने कायदे चाळताना ध्यानात आले की, त्या माउलीच्या तोंडून दीड शतकाची एक सरकारी रीतच बोलत होती.

त्या रीतीचा उगम १८५८ सालच्या छत्तिसाव्या कायद्यात आहे. वेडाच्या भरात भटकणाऱ्या धोकादायक माणसाला पोलिसांनी धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, सरकारी डॉक्टरने तपासावे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की इस्पितळात धाडावे, असा तो क्रम होता. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ साली निघाले. त्या शतकात जबलपुरासही तसे एक इस्पितळ होते. मुंबई इलाख्यात रत्नागिरीस १८८६ साली आणि ठाण्यास १९०१ साली अशीच इस्पितळे उभी राहिली. उपचार थोडा, बंदोबस्त फार, अशी त्यांची जुनी घडण होती. घरच्यांना जे दुसरे दार ठाऊक होते ते नरसोबाच्या वाडीचे किंवा गाणगापूरचे. देवाचे दार आणि कोंडवाड्याचे दार, यांच्या मध्ये पायरीच नव्हती.

१९१२ च्या कायद्याने थोडी फट पाडली. स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्यास दोन अभ्यागतांच्या संमतीने इस्पितळात राहता येऊ लागले. तरी राजमार्ग राहिला तो मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाचाच. पुढे १९२० नंतर 'वेड्यांचे इस्पितळ' ही पाटी जाऊन 'मनोरुग्णालय' ही पाटी आली; पण पाटीबरोबर भिंती बदलत नाहीत. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला. इंग्लंडात तीनशे माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजारांमागे एक! अशा टंचाईत कोणता रुग्ण घरी सांभाळावा आणि कोणता दाखल करावा, हा विवेक करण्यास अवसरच कोठला?

पायऱ्या घडल्या त्या हळूहळू, आणि बहुधा मोठ्या इस्पितळांच्या कुंपणाबाहेर. कलकत्त्यास १९३३ साली गिरींद्रशेखर बोस यांनी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ साली डॉक्टर मसानी यांनी सर्वसाधारण रुग्णालयातच मनोविकारांचा विभाग सुरू केला. तापाचा रोगी ज्या फाटकातून आत जातो त्याच फाटकातून मनाचा रोगीही जाऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. १९५२ नंतर नवी औषधे आली आणि पुष्कळांना घरी राहून बरे होणे शक्य झाले. अमृतसरला डॉक्टर विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहावयास लावले. घरच्या माणसांना आजार कळला, भीती गेली, आणि रुग्ण लवकर घरी परतू लागले. १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ही सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचा संकल्प केला आणि १९९६ पासून ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचू लागली.

तरीही तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. इतक्या वर्षांत घडलेली एकही पायरी त्या अभाग्यांपर्यंत पोहोचली नव्हती.

२०१७ चा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. साखळदंड त्याने निषिद्ध ठरविले. स्वातंत्र्यावर कमीत कमी बंधन घालणारा जो उपचार पुरेसा असेल, तोच आधी योजावा, हे त्याचे सूत्र आहे. ज्याला स्वतःचे हित कळते त्याने स्वतःच्या इच्छेने दाखल व्हावे. जो जिवावर उदार झाला आहे, दुसऱ्यावर धावतो आहे, किंवा स्वतःची निगा राखण्यास असमर्थ आहे, त्यालाच, दोन जाणत्यांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, इतरांच्या संमतीने दाखल करता येते. तेही प्रथम तीस दिवसांपुरते. भटकणारा रुग्ण सापडला तर पोलिसांनी त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे, कोठडीत ठेवू नये. १८५८ साली फौजदाराची वाट कचेरीकडे जात होती. आज ती दवाखान्याकडे वळली आहे.

परंतु कायद्याने बांधलेली पायरी आपण ओळखली पाहिजे. चूक दोन्ही बाजूंनी होते. माझ्या ओळखीच्या एका घरात, 'लोक काय म्हणतील' या धाकाने, अन्नपाणी टाकलेल्या तरुणाला दोन महिने माजघरात ठेवले होते. त्याला पहिल्याच आठवड्यात रुग्णालयाची खाट हवी होती. उलट ज्याला बाह्यरुग्ण विभागातील एक भेट पुरली असती, त्याच्यासाठी काही घरे दूरच्या मनोरुग्णालयाचा पत्ता शोधतात. दुखणे किती खोल आहे, जिवाला धोका आहे काय, आणि घरात सांभाळणारे कोणी आहे काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर सुचेना तर १४४१६ या क्रमांकावर सल्ला मिळतो. जिवाला धोका दिसला तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

त्या रविवारनंतर आम्ही मुलाला शहरातील रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेले. डॉक्टरांनी त्याच्याशी निवांत बोलून औषध लिहून दिले, दर आठवड्यास यावयास सांगितले, आणि कोणती लक्षणे दिसल्यास त्याला तत्काळ घेऊन यावे हेही बजावले. परतताना बाईंनी भीत भीत विचारले, "मग नागपूरचा कागद?"

मी त्यांच्या हातातील औषधाच्या चिठ्ठीकडे बोट दाखविले. तीन महिन्यांनी मुलगा पुन्हा दुकानात बसू लागला. चिठ्ठी मात्र बाईंनी देवघरात जपून ठेवली आहे.