किमान वेतन आणि निर्वाह वेतन : सोलापूरच्या विडी कामगारांचा हिशेब

सोलापूर - विडी वळणाऱ्या महिला आणि यंत्रमाग कामगार यांच्या मजुरीचा प्रश्न सोलापुरात वारंवार ऐरणीवर येतो. किमान वेतन वाढवावे, अशी कामगार संघटनांची मागणी असते. वाढीव दर परवडत नाहीत, असे कारखानदारांचे म्हणणे असते. या वादात मूळ प्रश्न मात्र मागे पडतो. किमान वेतनावर कामगाराच्या कुटुंबाचा निर्वाह व्हावा, असा हेतू होता काय? कायद्याच्या शब्दांत तसे वचन नव्हते. तथापि पुढे ठरलेल्या निकषांनी आणि न्यायालयांच्या निर्णयांनी किमान वेतनाचा संबंध कुटुंबाच्या गरजांशी जोडला.

कायद्याची पार्श्वभूमी

वेतन आणि घरखर्च यांचा मेळ घालून पाहण्याचे प्रयत्न सोलापुरात स्वातंत्र्यापूर्वीच झाले होते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२५ मध्ये येथील कापड गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने किमान वेतन निश्चितीच्या यंत्रणेविषयीचा करार संमत केला. मुंबई इलाख्यातील काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३७ मध्ये कापड गिरण्यांतील वेतनाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ मध्ये, किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. १५ मार्च १९४८ रोजी किमान वेतन कायदा अस्तित्वात आला. जेथे कामगार असंघटित आहेत आणि पिळवणुकीला वाव आहे, असे व्यवसाय त्याच्या अनुसूचीत घालण्यात आले. विडी उद्योग त्यात प्रारंभापासूनच होता. मात्र किमान वेतन म्हणजे नेमके किती, याची व्याख्या कायद्याने केली नाही. दर ठरविण्याचे आणि पाच वर्षांच्या आत त्यांचा फेरविचार करण्याचे काम सरकारांवर सोपविण्यात आले.

वेतनाच्या तीन पायऱ्या

ही उणीव वाजवी वेतन समितीने काही अंशी भरून काढली. समितीने किमान, वाजवी आणि निर्वाह अशा तीन पायऱ्या मानल्या. किमान वेतन ही सर्वांत खालची पायरी असली, तरी ते केवळ जीव तगवण्यापुरते नसावे; कामगाराची कार्यक्षमता टिकावी यासाठी शिक्षण, औषधोपचार आणि काही सुविधा यांची तरतूद त्यात हवी, असे समितीचे मत होते. निर्वाह वेतन ही सर्वांत वरची पायरी ठरली. राज्यघटनेच्या ४३व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाचे ध्येय आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही.

१९५७ चे माप

पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने जुलै १९५७ मध्ये प्रत्यक्ष माप ठरविले. कमावत्या व्यक्तीमागे तीन उपभोग एकके, डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार आहार, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहनिर्माण योजनेनुसार घरभाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असे ते निकष होते. एक कमावता माणूस चौघांचे पोट भरेल, हे त्यात गृहीत होते. पत्नी आणि मुले यांची कमाई हिशेबात धरायची नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार व करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. एवढे सर्व मिळूनही ते निर्वाहाच्या किमान पातळीवरचेच वेतन ठरते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. किमान वेतन न देणाऱ्या उद्योगाला अस्तित्वात राहण्याचा अधिकार नाही, ही भूमिका न्यायालयाने त्याआधीच, पन्नासच्या दशकात, घेतली होती.

विडी कामगारांची अडचण

सोलापुरातील विडी उद्योगात हे माप नीट बसत नाही. येथे मजुरी दिवसाची नव्हे, हजार विड्यांमागे ठरते. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी पाने भिजवून कापायची, विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या, असा हा क्रम आहे. पाने कमी किंवा खराब मिळाली, तर हजाराचा आकडा गाठता येत नाही अथवा पदरमोड करून पाने विकत घ्यावी लागतात. तपासणीत बाद झालेल्या विड्यांची मजुरी बुडते. हजारी दर कायद्याप्रमाणे मिळाला, तरी दिवसाची कमाई किमान वेतनाइतकी होईलच असे नाही. घरातील मुली आणि वृद्ध यांनी केलेली मदतही एकाच नावावर जमा होते.

या महिलेची कमाई पतीच्या मजुरीला जोड समजली जाते. १९५७ च्या निकषांनुसार मात्र प्रत्येक कमावत्या व्यक्तीचे किमान वेतन स्वतंत्रपणे कुटुंब पोसण्याइतके असायला हवे. विडी व सिगार कामगार कायदा, १९६६ ने घरी काम करणाऱ्या महिलांनाही कामगार मानले होते. त्यामुळे तिची मजुरी वरखर्चाची समजण्यास कायद्यात आधार नव्हता.

घरभाड्याच्या निकषाचा अनुभवही बोलका आहे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतर झाले. त्याच परिसरातील रे नगरमधील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते असंघटित कामगारांना देण्यात आली. जे घर वेतनाच्या हिशेबात धरलेले होते, ते अखेर सरकारी अनुदानाच्या आधारे मिळाले.

नवी संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. संहितेत अनुसूचीचे बंधन नाही. किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना आहे. कामगाराचे किमान राहणीमान लक्षात घेऊन केंद्राने तळवेतन ठरवायचे आणि राज्याचा दर त्याखाली जाऊ द्यायचा नाही, अशी तरतूद आहे. पूर्वीचे राष्ट्रीय तळवेतन केवळ सल्लावजा होते. २०१७ मध्ये ते दिवसाला १७६ रुपये होते, तर अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये ३७५ रुपयांची शिफारस केली. दोन आकड्यांतील हे अंतर बोलके आहे.

१९५७ चे निकष २०२० मधील केंद्रीय नियमांच्या मसुद्यात पुन्हा आले; ७२ वारांचे ६६ मीटर झाले. सोलापूरच्या विडी कामगारांपुरता प्रश्न मात्र हजारी दराचा आहे. आठ तासांत किती विड्या होतात, पाने पुरेशी मिळतात काय आणि बाद विड्यांचा भार कोणी सोसायचा, हे ठरल्याखेरीज कागदावरील किमान वेतन त्यांच्या हाती पूर्ण पडणार नाही.