दृश्यपटलविरहित संगणकावरील प्रतिमानिर्मिती

दृश्यपटल न जोडलेल्या सेवा-संगणकावर (सर्व्हरवर) आलेख, नकाशे, दाखले इत्यादींच्या प्रतिमा तयार करण्याची प्रक्रिया. रेखाटनासाठी पडदा असलाच पाहिजे, हे जुने गृहीतक मोडून काढण्याचा हा इतिहास आहे.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये एक्स विंडो प्रणाली निर्माण झाली. तीत आज्ञावली आपले रेखाटन पडदा सांभाळणाऱ्या स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपवी. पुढे १९९४ मध्ये टॉमस बूटेल यांच्या जीडी या संग्रहाने प्रतिमा केवळ स्मृतीत रचता येते, हे दाखविले. तथापि १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेचा रेखाटन-विभाग यूनिक्स संगणकांवर एक्स प्रणालीवरच विसंबून होता. खिडकी उघडावयाची नसतानाही पडदा न सापडल्यास आज्ञावली थांबे. त्यावर एक्सव्हीएफबी हा स्मृतीतील आभासी पडदा वापरीत. तो बंद पडल्यास प्रतिमाही बंद पडत. जावाच्या १.४ आवृत्तीत (२००२) पडदाविरहित कार्यपद्धती आली : तीत स्मृतीतील रेखाटनास मुभा असते, खिडकी उघडू पाहिल्यास मात्र दोष नोंदविला जातो.

दोषशोधनाचा क्रम यावरूनच ठरतो. पडदा न सापडल्याची तक्रार आल्यास ही पद्धती पहिल्या रेखाटनापूर्वीच निवडली आहे काय, हे पाहावे. त्यानंतर टंक तपासावेत. ओरॅकलच्या जावा ११ मधून (२०१८) सोबतचे टंक वगळले गेले. त्यामुळे मोजकीच सामग्री बसविलेल्या लिनक्स संगणकांवर टंकविषयक दोष उद्‌भवू लागले. अक्षरांऐवजी चौकटी उमटल्यास देवनागरी टंक नाही, असे समजावे.

याहून फसवा दोष अक्षरजुळणीचा. यूनिकोडमध्ये ‘जि’ची वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, ती अलीकडे आणणे व जोडाक्षरे घडविणे हे जुळणी-यंत्रणेचे काम असते. जावा ९ मध्ये (२०१७) त्यासाठी हार्फबझ ही यंत्रणा स्वीकारली गेली. ही जुळणी न झाल्यास ‘चौसाळा’, ‘बीड’ व ‘तालुका’ हे शब्द बहुधा ठीक दिसतात. ‘जिल्हा’, ‘क्षेत्र’ आणि ‘शेतकऱ्याचे’ मात्र मोडतात. म्हणून केवळ गावाचे नाव पाहून केलेली तपासणी अपुरी ठरते.

महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा सुरू झाला. बीड तालुक्यातील चौसाळा येथील खातेदाराला असा दाखला आपल्या गावी मिळतो, तो तयार मात्र दूरच्या संगणकावर होतो. स्वाक्षरी दाखला नंतर बदलला नसल्याची ग्वाही देते, अक्षरे शुद्ध उमटल्याची नव्हे. मुळातच मोडलेल्या नावावरही ती तितकीच वैध ठरते. त्यामुळे चाचणीच्या नमुन्यात वेलांटी, जोडाक्षरे व ‘ऱ्य’ असलेली नावे असावीत आणि तयार प्रतिमा मराठी जाणणाऱ्याने प्रत्यक्ष वाचावी, हे आवश्यक होय.