फरशीला धक्का न लावता जुनं स्कर्टिंग कसं काढायचं?

भिंतीची ओल, नवीन वायरिंग किंवा रंगकाम निघालं की अनेकदा जुनं स्कर्टिंगही काढावं लागतं. स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी, फरशीला लागून बसवलेली साधारण ३ ते ४ इंच उंचीची पट्टी. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये ती टाइल्स कापून, सिमेंटच्या मालात बसवलेली असते. त्यामुळे ती उखडताना खालच्या फरशीची कड उडण्याची किंवा टाइलला तडा जाण्याची भीती असते.

फुटलेली टाइल बदलणं सोपं नसतं. काही वर्षांपूर्वीचं डिझाइन बाजारातून गेलेलं असतं. तेच मिळालं तरी वेगळ्या बॅचची छटा जुळत नाही. जुन्या इमारतींमधल्या मोझेक लादीची जोड शोधणं तर आणखी कठीण. एका टाइलपायी अख्ख्या खोलीची फरशी बदलायची वेळ येऊ शकते.

फरशी नेमकी कशामुळे फुटते?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: स्कर्टिंगवर द्यायचा जोर फरशीवर पडतो. पहार फरशीवर टेकवून स्कर्टिंग उचकटलं, तर सगळा भार टाइलच्या कडेवर येतो. दोन्हींमधला सांधा आधी मोकळा केला नाही, तर स्कर्टिंग निघताना फरशीचा टवका सोबत घेऊन येतं. भिंतीलगतच्या टाइलखाली माल नीट भरलेला नसेल, तर हातोडीच्या हादऱ्यानेही ती तडकते.

म्हणून आधी भिंतीलगतच्या टाइल्स नाण्याने हलकेच वाजवून पाहा. आवाज बद्द आला तर खाली पोकळी आहे. तिथे खडूने खूण करा आणि हात हलका ठेवा.

कामाआधी काय पाहायचं?

दरवाजाच्या चौकटीपाशी स्कर्टिंगची मोकळी कड दिसते. तिथे वाकून पाहा. स्कर्टिंग फरशीवर बसलंय, की फरशी स्कर्टिंगला येऊन भिडली आहे? पहिल्या प्रकारात ते पुढे ओढून काढता येतं. दुसऱ्या प्रकारात त्याची खालची कड फरशीच्या पातळीखाली गेलेली असते. ते पुढे ओढलं की थेट टाइलच्या कडेवर दाब येतो. अशा वेळी स्कर्टिंग फरशीपासून सेंटिमीटरभर वर आडवं कापून वरचा भाग काढावा. खाली उरलेली पट्टी नव्या स्कर्टिंगमागे झाकली जाते.

भिंतीत सॉकेटच्या वायर किंवा बाथरूमचे पाइप कुठून गेलेत, हेही आधी माहीत करून घ्या. काम चालू असताना त्या भिंतीतला वीजपुरवठा बंद ठेवा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून वीज घ्या.

स्कर्टिंग काढायचं कसं?

१. फरशी झाडून त्यावर जाड पुठ्ठा किंवा प्लायवूड अंथरा. वाळूचे कण पायाखाली घासले गेले तरी चकचकीत टाइलवर ओरखडे उठतात.

२. स्कर्टिंगच्या वरच्या कडेलगत कटरने रेघ मारा. त्यामुळे रंग आणि गिलाव्याचे पापुद्रे भिंतीवर वरपर्यंत निघत नाहीत.

३. दोन तुकड्यांमधले उभे सांधे कापा. ग्राइंडरचं पातं गोल असल्याने खालपर्यंत नेलं तर ते फरशीत घुसतं. इंचभर आधी थांबा आणि उरलेला भाग हाताने खरवडा.

४. स्कर्टिंग आणि फरशीमधलं पांढरं सिमेंट किंवा ग्राउट हातानेच काढा. ग्राइंडर तिथे नीट पोहोचत नाही आणि घसरला तर टाइलवर कायमची चीर पडते.

५. मोकळ्या कडेपासून सुरुवात करा. पातळ, रुंद छिन्नी वरच्या फटीत घालून हळू ठोका. जोर भिंतीच्या बाजूने घ्या आणि छिन्नीमागे प्लायचा तुकडा ठेवा. मोकळी कड नसेल, तर एक तुकडा मधोमध फोडून बाहेर काढा आणि तिथून दोन्ही बाजूंना जा.

ब्रेकर मशीन इथे नकोच. काम लवकर होतं, पण हादऱ्याने घट्ट बसलेल्या टाइल्सही सुटू शकतात. कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसांना घातक असल्याने एन-९५ मास्क आणि गॉगल वापरा.

चिकटलेला माल काढायला ॲसिड ओतू नका. ॲसिडने मार्बल, कोटा आणि मोझेकवर डाग पडतात, सांध्यांमधलं सिमेंटही झिजतं. माल ओला करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणं सुरक्षित.

काढणं गरजेचं आहे का?

फक्त रूप बदलायचं असेल आणि जुनं स्कर्टिंग घट्ट असेल, तर टाइल ॲडहेसिव्हने त्यावरच नवी पट्टी बसवता येते. जाडी वाढते, त्यामुळे दरवाजाची चौकट आणि कपाटांची दारं अडत नाहीत ना, ते पाहा. भिंतीला ओल असेल तर मात्र हा उपाय करू नका; ती आत दडून राहते.

मिस्त्रीला काम देताना दर रनिंग फुटावर ठरतो. त्याच वेळी टाइल फुटली तर भरपाई कोणाची, हेही ठरवून घ्या. आणि पहिला तुकडा हॉलच्या दर्शनी भिंतीचा न काढता, कपाटामागे झाकल्या जाणाऱ्या भिंतीचा काढायला सांगा. माल किती घट्ट आहे आणि मिस्त्रीचा हात कसा आहे, दोन्ही तिथेच कळेल.