कोल्हापूरचा मुलगा आणि कतारचा किनारा

मार्च 2008. दोह्याच्या दक्षिण टोकाला मेसाईमीर नावाचा उजाड माळ आहे, तिथे तुम्ही रांगेत उभे आहात. पायाखाली वाळू आणि बांधकामाची उरलेली खडी. पुढे फिलिपिनो नर्सांचा घोळका, मागे केरळचे फिटर, वेल्डर, सुतार, सगळे इस्त्रीच्या शर्टात. शेजारची वसईकडची बाई मोबाइलवर घरी सांगतेय, "आई, खरंच चर्च झालंय गं. आत गेले की फोन करते." झावळ्यांचा रविवार तोंडावर आला आहे. आजवर ही सगळी माणसं कुणाच्या तरी घरी, पडदे ओढून, हळू आवाजात प्रार्थना करत आली. आज ती मोठ्याने गाणार आहेत.

मान वर करून बघा. क्रूस दिसत नाही. घंटा नाही, मनोरा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला एखादं मोठं सभागृह वाटावं, अशीच ही इमारत बांधली आहे. बाहेर धर्मचिन्ह नको, हा इथला नियम. जमीन मात्र खुद्द अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी दिली. गेल्या काही महिन्यांत स्थानिक वृत्तपत्रांतून यावर बरंच रण माजलं. चर्च नकोच म्हणणारे होते, सार्वमत घ्या म्हणणारे होते, आणि कतार विद्यापीठात शरीयतच्या विभागाचे प्रमुख राहिलेले अब्दुल हमीद अल-अन्सारी यांच्यासारखे, चर्च व्हायलाच हवं असं उघड लिहिणारेही होते.

आत शिरलात की गारवा, उदाचा वास आणि रोझरी मातेची वेदी. मिस्सा अर्पण करताहेत ते कार्डिनल आपल्या वांद्र्याचे: आयव्हन डायस. जन्म 1936 चा, 1996 ते 2006 अशी दहा वर्षं मुंबईचे आर्चबिशप. आता ते रोमला असतात आणि व्हॅटिकनमधल्या धर्मप्रसाराच्या खात्याचे प्रमुख आहेत. जगभर सुवार्ता पोहोचवण्याचं काम ज्यांच्याकडे, ते ज्या देशात चर्चचं अभिमंत्रण करताहेत, तिथे धर्मप्रसार हा गुन्हा आहे. कतारची 2004 ची दंडसंहिता याबाबत स्पष्ट आहे. एखाद्या संस्थेच्या वतीने इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माचा प्रसार केला तर दहा वर्षांपर्यंत कैद, स्वतःहून केला तर पाच. प्रसाराचं साहित्य नुसतं जवळ सापडलं तरी दोन वर्षं आणि दहा हजार रियाल दंड.

तिसऱ्या ओळीतल्या त्या मुलाकडे जरा नीट बघा. अंगात कॉलेजचा टी-शर्ट, हनुवटीवर कोवळी दाढी. तो एज्युकेशन सिटीत शिकतो. कतार फाउंडेशनने वसवलेल्या त्या परिसरात कॉर्नेलचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, टेक्सास ए अँड एम आहे, कार्नेगी मेलन आहे, जॉर्जटाउन आहे. परवा, रविवारी, आठवडा सुरू होईल, तेव्हा वर्गातला कतारी मित्र त्याला सहज विचारेल, सुट्टीत काय केलंस? चर्चला गेलो होतो, एवढं त्याला सांगता येईल. तूही चल, असं म्हणता येणार नाही. वीस वर्षांच्या मुलाच्या मैत्रीत कायद्याची ही रेघ कायम आहे, आणि तो मुलगा ती रोज सांभाळतो.

विद्यार्थ्यांमध्येच जाऊन धर्माचं काम करायचं, ही कल्पना रुजवणाऱ्यांत होतं कोण? त्यासाठी तुम्हाला कतार सोडावं लागेल. चला कोल्हापूरला.

साल 1863. रॉयल वायल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी 1852 पासून इथे आहे. ऑगस्टात त्याच्या घरी मुलगा होतो, रॉबर्ट. पंचगंगेकडून येणारा ओला वारा, अंगणात पावसाचं तळं, घराबाहेर पडलं की कानावर मराठी. कोल्हापूरचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही याच घराण्याचं नाव लावून उभं आहे. पुढे कुटुंब अमेरिकेला परतलं आणि रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला धर्मप्रवचनकार डी. एल. मूडी यांच्या बोलावण्यावरून अडीचशे विद्यार्थी जमले. शिबिर महिनाभराचं. त्यात बावीस वर्षांच्या या कोल्हापूरकराने एकेकाला गाठलं, झाडाखाली बसवलं, बोलला. शिबिर संपलं तेव्हा शंभर मुलांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याची तयारी कागदावर लिहून दिली होती. दोन वर्षांत त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची रीतसर चळवळ उभी राहिली. तिच्यातून पुढच्या काही दशकांत वीस हजारांवर तरुण-तरुणी जहाजांत बसून जगभर गेल्या.

आता मिशिगनमधल्या होप कॉलेजच्या सभागृहात या. 1887. बाकं कडक आहेत. वायल्डर गावोगावची कॉलेजं पालथी घालत इथवर आला आहे. भिंतीवर भारताचा नकाशा आणि नकाशापुढे एक मेट्रोनोम, संगीत शिकणाऱ्यांना ठेका देणारं यंत्र. त्याचा काटा अशा गतीला लावलाय की प्रत्येक ठोक्याला भारतात एक माणूस ख्रिस्ताचं नाव न ऐकता मरतो. वायल्डर बोलतोय आणि काटा चालू आहे. टक्. टक्. टक्. पुढच्या बाकावरचा जेमतेम विशीतला सॅम्युएल झ्वेमर हलत नाही. सभा संपताच तो पुढे येऊन सही करतो.

तुम्हाला मात्र त्या नकाशावर कोल्हापूर दिसतंय, सातारा दिसतोय, पैठण दिसतंय. त्या ठोक्यांत तुमची खापरपणजी मोजली जातेय. पहाटे जात्यावर बसणारी, तुकोबांचे अभंग तोंडपाठ असलेली, वारीची वाट पायांना ठाऊक असलेली बाई यंत्राच्या एका ठोक्यात संपली. कोणी तिला काही विचारलं नाही. वायल्डरच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. तो पुढे भारतात परतला, इथल्या विद्यार्थ्यांमध्येच राबला, तब्येत खालावेपर्यंत राबला. पण माणसं मोजून सुरू झालेल्या कामात समोरच्याचं आयुष्य ऐकायला जागा उरत नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि ते त्या सभागृहात बसूनही बदलत नाही.

होप कॉलेजातल्या त्या सभेच्या चारच वर्षं आधी दोन मराठी स्त्रिया शिकण्यासाठी समुद्र ओलांडून गेल्या होत्या, दोघीही 1883 मध्ये. पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेजला भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाई जोशी निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत जाहीर करून गेल्या की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियात प्रेमळ ख्रिस्ती घरांच्या आधाराने त्या डॉक्टर झाल्या, आणि दिलेला शब्द पाळला. दोघींनाही विद्यार्थिदशेत, परक्या मुलखात, थंडीवाऱ्यात ख्रिस्ती माणसांनीच सांभाळलं. निर्णय जिचा तिचा होता. रमाबाई तर बाप्तिस्म्यानंतरही त्या भगिनींशी सिद्धान्तांवरून पत्रांतून कडाकडा भांडत राहिल्या. मला या दोघींचा सारखाच अभिमान आहे.

झ्वेमरच्या मागोमाग पुन्हा आखातात उतरा. त्याने आणि जेम्स कँटिनने 1889 मध्ये अरेबियन मिशन काढलं. 1891 मध्ये बसऱ्यात ठाणं झालं आणि 1892 च्या अखेरीस झ्वेमर बहरीनला पोहोचला. किनाऱ्यावर उभे राहून पूर्वेकडे बघा, समुद्रापलीकडे कतारचं द्वीपकल्प आहे. तिथे काही महिन्यांत, 1893 च्या मार्चमध्ये, तिथले शासक शेख जासिम यांची माणसं वजबा या ठिकाणी ऑटोमन सैन्याचा पराभव करणार आहेत. बाजारात मात्र तुम्हाला परकं वाटत नाही. हातोहात फिरतोय तो आपला रुपया. सुटे मोती लाल फडक्यात बांधून मुंबईला निघालेत, तिथल्या पेढ्यांवर त्यांचे भाव ठरतील. पाणबुड्यांच्या पाठी मिठाने चिरलेल्या आहेत. झ्वेमर अरबी पुस्तकांची पेटी उघडून बसतो. कोणी शिव्या देतं, कोणी पान उलटून बघतं, कोणी दाढ दुखते म्हणून येतं.

धर्मांतरं झाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 1898 मध्ये त्याचा धाकटा मिशनरी भाऊ पीटर आजारपणात गेला. 1904 च्या जुलैमध्ये, बहरीनच्या त्या जीवघेण्या उन्हाळ्यात, आठवड्याभराच्या अंतराने त्याच्या दोन लहान मुली गेल्या. त्यांना तिथल्याच वाळूत पुरलं. त्या उघड्या खड्ड्याशी तुम्ही काही क्षण उभे राहिलात तर मेट्रोनोमचा राग मनात धरून ठेवणं अवघड जाईल. या मिशनने 1903 मध्ये उघडलेलं इस्पितळ पुढे वाढत गेलं आणि बहरीनमध्ये आजही चालू आहे. मिशनच्या डॉक्टरांना पुढे आजूबाजूच्या शेखांकडून बोलावणी येत, कारण माणसाला ताप आला की तो वैद्याचा धर्म विचारत बसत नाही.

अजून मागे चला, बाराशे वर्षं. सातवं शतक. हाच किनारा, आणि इथले लोक सिरियाक भाषेत प्रार्थना करताहेत. या मुलखाला ते बेथ कत्राये म्हणतात. आजचं कतार आणि शेजारची किनारपट्टी त्यात येते. इथून मुलं शिकायला दूर जातात, तैग्रिसच्या काठच्या विद्यापीठांत, आणि मोठी होतात. गॅब्रिएल कत्राया, दादिशो कत्राया, नावापुढे मुलूख लावलेले विद्वान. इथूनच गलबतं कोकणकडे सुटतात. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मास लिहून गेला आहे की कल्लियाना नावाच्या बंदरात इराणहून नेमून आलेला बिशप असतो, आणि ते कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. कल्याणच्या खाडीत नांगर टाकणाऱ्या गलबतावर कतारचा एखादा साधू असणं अगदी शक्य होतं.

त्या पिढीतला सर्वांत थोर माणूस इसहाक. बेथ कत्रायेत जन्मला, शिकला, आणि सन 676 च्या सुमारास त्याला निनेवेचा बिशप केलं. पाचच महिन्यांत त्याने पद सोडलं आणि तो खुझिस्तानच्या डोंगरात मठात जाऊन राहिला. वाचून वाचून त्याचे डोळे गेले, असं परंपरा सांगते. त्याने अनुयायी मोजले नाहीत. करुणेवर लिहिलं, इतकं की सरपटणाऱ्या जिवांसाठीही ज्याचं काळीज द्रवतं त्या माणसाचं वर्णन केलं. ते लिखाण ग्रीक, अरबी, रशियन वाचकांपर्यंत पोहोचलं. 2024 च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी त्याचं नाव रोमन संतांच्या यादीत घातलं. मेसाईमीरच्या त्याच माळावरचं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च इसहाकाच्या नावाचं आहे.

आता शेवटचा मुक्काम, एज्युकेशन सिटी. जॉर्जटाउन विद्यापीठाची शाखा इथे 2005 मध्ये सुरू झाली. अमेरिकेतलं हे सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ, जेजुइट म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या परंपरेतलं. वर्गात बसा. 'द प्रॉब्लेम ऑफ गॉड' हा विषय वॉशिंग्टनमध्ये शिकवतात तसाच इथेही ठेवलाय, आणि सुरुवातीच्या वर्षांत तो शिकवायला एक जेजुइट फादर होते. समोर बहुसंख्य मुलं मुसलमान. शेजारची अबायातली मुलगी वहीच्या समासात अरबीत काहीतरी टिपून घेते आणि हात वर करते. देव दयाळू असेल तर लहान मुलं का मरतात? फादर उत्तर देत नाहीत, तुम्ही काय म्हणता, असं तिलाच विचारतात. पाकिस्तानातून आलेला मुलगा बोलतो, केरळची ख्रिस्ती मुलगी बोलते, मग तुमच्यावर पाळी येते आणि तुम्हाला ज्ञानेश्वरी आठवते. तास संपतो. कोणाचाही धर्म बदललेला नाही. पण आपल्या श्रद्धेबद्दल प्रत्येकाला काल बोलता येत होतं त्याहून आज जास्त नीट बोलता आलं.

माझ्या मते परक्या देशात आलेल्या विद्यार्थ्याशी धर्माबद्दल बोलण्याची सर्वांत स्वच्छ जागा ही आहे. कतारचा तो कायदा मला अन्यायाचा वाटतो. ज्याला श्रद्धा आहे त्याला ती बोलून दाखवता यावी, ऐकणाऱ्याला हो किंवा नाही म्हणता यावं, आणि त्यासाठी कोणी तुरुंगात जाऊ नये. पण एकट्या पडलेल्या, घरची आठवण काढणाऱ्या, भाषेला अडखळणाऱ्या मुलाला जेवण, पुस्तकं आणि मैत्री देऊन त्याबदल्यात त्याचा होकार मागणं, हेही मला तितकंच अन्यायाचं वाटतं. मग तो मागणारा कोणत्याही धर्माचा असो.

तुमचा मुलगा किंवा मुलगी दोह्याला शिकायला निघाली असेल, तर काही गोष्टी आजच सांगून ठेवा. ख्रिस्ती असाल तर मुख्य मिस्सा शुक्रवारी असते, फाटकावर तपासणी होते, ओळखपत्र जवळ ठेवावं. स्वतःपुरतं बायबल सोबत असायला हरकत नाही, वाटण्यासाठी गठ्ठा नेऊ नये, धर्माच्या गोष्टी मोबाइलवरून सगळ्यांना धाडू नयेत. कोणत्याही धर्माचे असा, आणि देश कोणताही असो, कोणी फार आपुलकीने बैठकीला बोलावलं तर एवढं सरळ विचारायचं: मी आलो नाही तरी आपली मैत्री राहील का?

आणि दोह्यातल्या मराठी घरांना एक विनंती. एज्युकेशन सिटीच्या वसतिगृहांत आपली मुलं आहेत. येत्या शुक्रवारी त्यातल्या एकाला तरी दुपारी वरण-भात जेवायला बोलवा, आणि येताना वर्गातल्या मित्रालाही घेऊन ये म्हणून सांगा.